ई-स्पोर्ट्सवरील पैजा : शिस्तीचे गणित आणि गणिताच्या मर्यादा

५ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे ‘लीग ऑफ लेजंड्स’ या संगणकीय खेळाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूला ही स्पर्धा त्यापूर्वी तीन वेळा जिंकलेला दक्षिण कोरियाचा नामांकित संघ टी-वन होता, तर दुसऱ्या बाजूला त्याच देशाचा डीआरएक्स. डीआरएक्सला मुख्य फेरीत थेट प्रवेशही मिळाला नव्हता, प्राथमिक फेरीतून झगडत तो वर आला होता. पाच डावांपर्यंत रंगलेला हा सामना डीआरएक्सने ३-२ असा जिंकला. प्राथमिक फेरीपासून सुरुवात करून जगज्जेतेपद मिळवणारा हा पहिलाच संघ ठरला.

सामना संपल्यावर या विजयाची कारणे सांगणाऱ्यांची वाण पडली नाही. अनुभवी खेळाडू, चढता फॉर्म, निर्भय डावपेच अशी सारी कारणे दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच दिसू लागली. परंतु सामन्यापूर्वी डीआरएक्सच्या विजयाची शक्यता नेमकी किती टक्के होती, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो अधिक अवघडही आहे. ब्रिटनसारख्या देशांत, जेथे अशा सामन्यांवर कायदेशीर पैजा लागतात, तेथे पैज लावणाऱ्याचा सारा व्यवहार याच प्रश्नाभोवती फिरतो. ‘शिस्तबद्ध पैज’ हा शब्दप्रयोग त्या वर्तुळात वारंवार केला जातो. ही शिस्त म्हणजे नेमके काय, तिच्यामागचे गणित कोणते आणि ते गणित कुठवर साथ देते, हे समजून घेणे भारतीय वाचकालाही उपयोगी आहे. कारण ‘अचूक टिप्स’ आणि ‘हमखास पद्धत’ यांची आमिषे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून त्याच्याही घरात पोहोचतात.

भावामागची संभाव्यता

पैजेचा भाव म्हणजे किंमत आणि त्या किमतीत एक संभाव्यता दडलेली असते. समजा, ‘काउंटर-स्ट्राइक’च्या एका सामन्यात ‘अ’ संघाचा भाव १.६० आणि ‘ब’ संघाचा भाव २.३० आहे. म्हणजे ‘अ’वर लावलेल्या १०० रुपयांचे तो जिंकल्यास मुद्दलासह १६० रुपये मिळतील, ‘ब’ जिंकल्यास २३०. एकाला भावाने भागले की ती दडलेली संभाव्यता हाती येते. ‘अ’साठी ती ६२.५ टक्के भरते आणि ‘ब’साठी सुमारे ४३.५ टक्के.

या दोहोंची बेरीज १०६ टक्क्यांच्या आसपास होते. वास्तवात दोनपैकी एकच संघ जिंकणार असल्याने ती १०० असायला हवी. वरचे सहा टक्के ही भाव देणाऱ्या कंपनीची कमाई. ती वजा करून हिशेब मांडला तर बाजाराच्या मते ‘अ’ जिंकण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के आणि ‘ब’ जिंकण्याची ४१ टक्के ठरते. याचाच दुसरा अर्थ असा की, केवळ बाजाराइतकेच ज्ञान असलेला माणूस दर शंभर रुपयांमागे सरासरी साडेपाच रुपये गमावत जातो.

मुंबईला हे गणित नवे नाही. मटक्याच्या भरभराटीच्या काळात एका आकड्यावर लावलेल्या रुपयाला साधारणतः नऊ रुपये मिळत. आकडे मात्र दहा असत. दहातला तो एक रुपया कुणाच्या खिशात जात होता, हे गिरणगावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही आकडा लावणाऱ्यांची गर्दी ओसरली नाही. मटक्यात आणि ई-स्पोर्ट्सच्या पैजेत फरक एवढाच की, मटक्याच्या आकड्याबद्दल कोणालाही काही ठाऊक असणे शक्य नव्हते, तर दोन संघांच्या बलाबलाबद्दल एखाद्याला इतरांहून अधिक ठाऊक असू शकते. शिस्तबद्ध पैजेची सारी इमारत या ‘असू शकते’वर उभी आहे.

म्हणूनच या शिस्तीचा पहिला नियम असा : ‘कोण जिंकेल?’ असे विचारू नये, ‘हा भाव योग्य आहे काय?’ असे विचारावे. वरील उदाहरणात ‘अ’ जिंकण्याची खरी शक्यता ६६ टक्के असेल, तर १.६० या भावाने दर शंभर रुपयांमागे सरासरी ५ रुपये ६० पैसे लाभ होतो. ती ५९ टक्केच असेल, तर नेमके तेवढेच नुकसान होते. लाभ आणि हानी यांत अवघ्या सात टक्क्यांचे अंतर आहे. आपला अंदाज सात टक्क्यांनी चुकलेला नाही, असे छातीठोकपणे सांगू शकणारी माणसे फार थोडी असतात. आणि ‘अ’ संघ जिंकेल हे भाकीत खरे ठरूनही पैज वाईट असू शकते, ही गोष्ट नवख्या माणसाच्या गळी उतरायला बराच काळ जातो.

अंदाज बांधण्याची साधने

संघांची ताकद आकड्यांत मांडण्याची सर्वपरिचित पद्धत बुद्धिबळातून आली. अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरीत जन्मलेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी विकसित केलेली मानांकन पद्धत आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. या पद्धतीत दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये १०० गुणांचे अंतर असेल तर वरचढ खेळाडूकडून सुमारे ६४ टक्के यशाची अपेक्षा धरली जाते. २०० गुणांचे अंतर असेल तर ७६ टक्के. ई-स्पोर्ट्समधील बहुतेक मानांकने याच कल्पनेची रूपे आहेत.

परंतु बुद्धिबळाचे नियम शतकानुशतके बदललेले नाहीत आणि येथे ते वर्षातून अनेकदा बदलतात. खेळ बनवणारी कंपनी ‘पॅच’ नावाची सुधारणा जारी करते. एखादे शस्त्र दुबळे होते, एखादे पात्र बलवान ठरते आणि कालपर्यंत अजिंक्य वाटणारी व्यूहरचना कुचकामी होते. क्रिकेटमध्ये चेंडूचे वजन किंवा खेळपट्टीची लांबी दर दोन महिन्यांनी बदलली असती, तर जुन्या सरासरीचा जेवढा उपयोग झाला असता, तेवढाच येथे जुन्या निकालांचा होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा डाव जिंकण्यासाठी १६ ऐवजी १३ फेऱ्या पुरेशा झाल्या. सामना लहान झाला की दैवाचा वाटा वाढतो आणि दुबळ्या संघाला अधिक संधी मिळते, हे साधे तत्त्व आहे.

हेच तत्त्व सामन्याच्या स्वरूपालाही लागू पडते. एखादा संघ प्रत्येक डाव जिंकण्याची शक्यता ६० टक्के धरली, तर तीन डावांच्या सामन्यात त्याच्या विजयाची शक्यता सुमारे ६५ टक्के होते आणि पाच डावांच्या सामन्यात ६८ टक्के. म्हणून एकाच डावाच्या सामन्याला आणि पाच डावांच्या अंतिम सामन्याला एकच फूटपट्टी लावता येत नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये तर प्रत्येक डाव वेगळ्या नकाशावर खेळला जातो आणि कोणते नकाशे वगळायचे हे संघ सामन्याआधी आळीपाळीने ठरवतात. एका नकाशावर भक्कम असलेला संघ दुसऱ्यावर अगदीच सामान्य असू शकतो.

याखेरीज संघाची घडण हा मोठा प्रश्न असतो. पाच जणांच्या संघात एक बदली खेळाडू आला तरी आपापसांतील समन्वय बिघडतो. पण तो नेहमीच बिघडतो असेही नाही. ‘डोटा-२’ या खेळातील ओजी हा संघ २०१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस जवळजवळ मोडकळीस आला होता. दोन प्रमुख खेळाडू संघ सोडून गेले. उरलेल्यांनी नवे भिडू गोळा केले, खुल्या पात्रता फेरीतून वाट काढली आणि ऑगस्टमध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे ‘द इंटरनॅशनल’ ही या खेळातील सर्वोच्च स्पर्धा जिंकली. पुढच्याच वर्षी शांघायमध्ये ती पुन्हा जिंकून दोनदा विजेता ठरलेला पहिला संघ होण्याचा मानही मिळवला. मे महिन्यातील आकडेवारीवरून हे भविष्य वर्तवणे कोणत्याही सूत्राला शक्य झाले नसते.

भांडवलाची राखण

अंदाज कितीही चांगला असला तरी प्रत्येक वेळी किती रक्कम लावायची, हा स्वतंत्र प्रश्न आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील संशोधक जॉन केली यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात त्याचे गणिती उत्तर दिले. दूरध्वनीच्या तारेतून जाणाऱ्या माहितीच्या अभ्यासातून निघालेले हे सूत्र पुढे गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी पत्त्यांच्या खेळात आणि नंतर शेअर बाजारातही वापरले. सूत्राचा गाभा सोपा आहे : अपेक्षित लाभाला, पैज जिंकल्यास मिळणाऱ्या निव्वळ नफ्याने भागावे, येणारा अंश म्हणजे भांडवलाचा जास्तीत जास्त किती भाग लावावा ते प्रमाण.

वरच्या उदाहरणात शंभरामागे अपेक्षित लाभ ५.६ आणि निव्वळ नफा ६० आहे. भागाकार सुमारे ९.३ टक्के येतो. दहा हजारांचे भांडवल असेल तर ९३० रुपये. परंतु ६६ टक्क्यांचा अंदाजच चुकीचा असून खरी शक्यता ५९ टक्के असेल, तर हेच सूत्र ‘एक पैसाही लावू नये’ असे सांगते. सूत्र निर्दोष आहे, त्यात घालायचा आकडाच संशयास्पद आहे. म्हणून जाणकार मंडळी केलीच्या प्रमाणाचा निम्मा किंवा चौथा हिस्साच लावतात. अनेक जण तर सूत्राच्या वाटेला न जाता प्रत्येक पैजेत भांडवलाचा एक टक्का, फार तर दोन टक्के, अशी ठरावीक मर्यादा पाळतात. भांडवल म्हणजे तरी काय? जी रक्कम पूर्णपणे बुडाली तरी घरभाडे, शाळेची फी आणि कर्जाचा हप्ता यांना धक्का लागणार नाही तेवढीच. अंथरूण पाहून पाय पसरण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे अंथरूण दर आठवड्याला आखूड होण्याची शक्यता गृहीत धरावी लागते.

ही सावधगिरी का हवी, याचे उत्तर पराभवाच्या मालिकांत आहे. शंभरातल्या ५५ पैजा जिंकणारा माणूस म्हणजे या क्षेत्रातला असामान्यच म्हणायला हवा. त्याच्याही ५०० पैजांत सलग सहा वेळा हरण्याचा प्रसंग किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. आता हरल्यावर रक्कम दुप्पट करीत जाण्याची जुनी ‘युक्ती’ पाहू. शंभर रुपयांपासून सुरुवात केली तर सहा पराभवांनंतर ६,३०० रुपये गेलेले असतात आणि सातवी पैज ६,४०० रुपयांची लावावी लागते. तीही जिंकल्यावर हाती काय, तर मूळचे शंभर रुपये. महाभारतातील द्यूतसभेत युधिष्ठिराने प्रत्येक पराभवानंतर अधिक मोलाची गोष्ट पणाला लावली. तेथे फासे शकुनीचे होते. येथे फासे प्रामाणिक असले तरी शेवट निराळा होत नाही.

वहीची साक्ष

शिस्तबद्ध पैज लावणारा आणि हौसेने लावणारा यांतील सर्वांत ठळक फरक कोणता, तर पहिल्याकडे वही असते. सामना, तारीख, मिळालेला भाव, लावलेली रक्कम, स्वतःचा टक्केवारीतील अंदाज, त्यामागचे एका ओळीतले कारण आणि निकाल, असे सारे पैज लावण्यापूर्वीच लिहून ठेवण्याची ही पद्धत आहे. निकाल तेवढा नंतर भरायचा. स्मरणशक्ती जिंकलेल्या पैजा जपून ठेवते आणि हरलेल्यांना ‘दुर्दैव’ म्हणून बाजूला सारते. वही तसे करीत नाही.

तथापि वहीतला नफाही लवकर फसवतो. दोन्ही संघ तुल्यबळ असून प्रत्येकाचा भाव १.९० असेल, तर तोटा टाळण्यासाठी ५२.६ टक्के पैजा जिंकाव्या लागतात. निव्वळ नाणे उडवून निवड करणारा माणूसही शंभर पैजांनंतर नफ्यात असण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के असते. म्हणजे नाणे उडवणाऱ्या दहा जणांपैकी तिघे जण शंभर सामन्यांनंतर स्वतःला तज्ज्ञ समजू लागतील! हजार पैजांनंतर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास उतरते. समाजमाध्यमांवर आपल्या यशाची छायाचित्रे टाकून ‘टिप्स’ विकणाऱ्यांपैकी कोण जाणकार आणि कोण नशीबवान, हे मोजक्या निकालांवरून सांगता येत नाही ते यामुळेच.

म्हणून निकालाची वाट न पाहता कौशल्य जोखण्याच्या दोन कसोट्या वापरल्या जातात. पहिली म्हणजे अखेरच्या भावाशी तुलना. सामना सुरू होण्याच्या क्षणीचा भाव हा बाजारातील सर्व माहितीचा अर्क मानला जातो. एखाद्याने २.३० ला घेतलेला भाव सामन्यापूर्वी २.०५ वर येत असेल आणि असे सातत्याने घडत असेल, तर त्याला बाजाराआधी काहीतरी कळते, असे म्हणता येते. उलट घडत असेल, तर चालू महिन्यातला नफा हा योगायोग समजावा. दुसरी कसोटी हवामानशास्त्रातून आली आहे. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी सुचवलेल्या गुणांकनात, वर्तवलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल यांतील फरकाचा वर्ग काढतात. प्रत्येक वेळी ‘पन्नास टक्के’ म्हणणाऱ्याचा गुणांक ०.२५ येतो. ज्याचा गुणांक याहून कमी नाही, त्याचे सारे विश्लेषण व्यर्थ आहे.

या दोन्ही कसोट्यांना उतरणाऱ्यापुढेही एक अडचण उरते. जो सातत्याने जिंकतो, त्याच्यासाठी पैजेची कमाल मर्यादा काही कंपन्या झपाट्याने कमी करतात किंवा त्याचे खातेच बंद करतात. दुकानदार ग्राहक निवडू शकतो. आणि येथे त्याला हरणारा ग्राहक हवा असतो.

गणिताबाहेरचा धोका

आतापर्यंतच्या हिशेबात सामना प्रामाणिकपणे खेळला जातो असे गृहीत धरले होते. ई-स्पोर्ट्समध्ये हे गृहीतक अनेकदा ढासळले आहे. दक्षिण कोरियात २०१० मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ या खेळातील निकालनिश्चितीचे प्रकरण उघड झाले आणि तेथील ई-स्पोर्ट्स संघटनेने मा जे-युन या माजी विजेत्यासह अकरा खेळाडूंवर आजीवन बंदी घातली. याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचा २०१४ मधील जगज्जेता ली सुंग-ह्युन २०१६ मध्ये पैसे घेऊन सामने हरल्याबद्दल न्यायालयात दोषी ठरला. रशियातील एका ‘डोटा-२’ खेळाडूने २०१३ मध्ये स्वतःच्याच संघाविरुद्ध पैज लावून ३२२ डॉलर मिळवले आणि पकडला गेला. तेव्हापासून संशयास्पद खेळ दिसला की त्या खेळाचे चाहते उपहासाने ‘३२२’ एवढेच म्हणतात.

अमेरिकेत ऑगस्ट २०१४ मध्ये आयबायपॉवर या संघाने एका दुबळ्या संघाविरुद्धचा ‘काउंटर-स्ट्राइक’ सामना मुद्दाम गमावला. येथे पैजा रोख पैशांत नव्हत्या, तर ‘स्किन’ म्हणजे खेळातील शस्त्रांच्या रंगीबेरंगी वेष्टनांत लागल्या होत्या. या वेष्टनांना खऱ्या बाजारात खरी किंमत असते. जानेवारी २०१५ मध्ये खेळाची निर्माती कंपनी व्हॉल्व्हने या प्रकरणात सात जणांवर बंदी घातली. स्किन लावून जुगार खेळवणाऱ्या संकेतस्थळांवर वयाची खातरजमा नावापुरतीही होत नसल्याने शाळकरी मुले त्यात ओढली गेली आणि जुलै २०१६ मध्ये व्हॉल्व्हने अशा संकेतस्थळांना व्यवहार थांबवण्याच्या नोटिसा पाठवल्या.

निकालनिश्चितीची लागण प्रामुख्याने खालच्या दर्जाच्या सामन्यांना होते. तेथे बक्षिसे तुटपुंजी असतात, खेळाडूंचे पगार कमी किंवा नसतातच. सामने मात्र रोज होतात आणि त्यांवर भावही निघतात. हरण्याची किंमत जिंकण्याच्या बक्षिसापेक्षा जास्त मिळू लागली की काय होते, हे सांगायला नको. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी २०१९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’मधील अशाच एका प्रकरणी सहा तरुणांना अटक केली होती. शिवाय निकाल न विकताही फसवणूक होऊ शकते. खेळातील एका त्रुटीमुळे प्रशिक्षकांना प्रतिस्पर्ध्यांच्या हालचाली दिसत असल्याचे उघडकीस आल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये ई-स्पोर्ट्सच्या सचोटीवर देखरेख करणाऱ्या आयोगाने एकाच वेळी ३७ प्रशिक्षकांवर कारवाई केली. २०१८ मध्ये शांघाय येथील स्पर्धेत एका भारतीय संघातील खेळाडू निशाणा साधून देणारी छुपी संगणकप्रणाली वापरताना रंगेहाथ सापडला आणि त्या संघालाच गाशा गुंडाळावा लागला.

अशा सामन्यांत समोर दिसणारा आकर्षक भाव बहुधा संधी नसतो. कोणाला तरी आधीच काहीतरी ठाऊक असल्याचे ते लक्षण असते. म्हणून अनोळखी स्पर्धा आणि कारण नसताना वेगाने हलणारे भाव यांपासून चार हात दूर राहणे, हा शिस्तीचाच भाग मानला जातो.

शिस्त मोडते कुठे?

कागदावर आखलेली शिस्त प्रत्यक्षात मोडते ती प्रायः सामना सुरू असताना. चालू सामन्यावर दर फेरीगणिक बदलणारे भाव दिले जातात. घरी बसलेल्या प्रेक्षकाला चित्र मात्र काही सेकंद, कित्येकदा मिनिटाहूनही उशिरा दिसते. खेळाडूंना प्रक्षेपण पाहून फसवणूक करता येऊ नये म्हणून हा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो. भाव ठरवणाऱ्या कंपनीकडे थेट खेळातून येणारी माहिती असते. म्हणजे एकाला वर्तमान दिसते आणि दुसरा भूतकाळ पाहून पैज लावत असतो.

त्याहून मोठा शत्रू मनात असतो. दोन पैजा हरल्यावर त्याच रात्री नुकसान भरून काढण्याची ऊर्मी, जिंकल्यावर रक्कम वाढवण्याचा मोह, आवडत्या संघाचे वजन नकळत वाढवून धरणे, आणि पहाटे तीन वाजता दुसऱ्या खंडातील ज्या संघांची नावेही धड ठाऊक नाहीत त्यांच्यावर पैसे लावणे, या सगळ्यांत विश्लेषण संपलेले असते आणि सवय उरलेली असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराच्या विकाराला व्यसनाधीनतेच्या वर्गात स्थान दिले, ते या सवयीचे मेंदूवरील परिणाम दारू आणि अमली पदार्थांशी मिळतेजुळते असल्यामुळेच. ब्रिटनने एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास बंदी केली आणि स्वतःला सर्व परवानाधारक संकेतस्थळांपासून दूर ठेवण्याची नोंदणी व्यवस्थाही उभारली. पैज कायदेशीर असलेल्या देशालाही ही कुंपणे घालावी लागली, यातच बरेच काही आले.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये २००५ च्या जुगार कायद्याखाली ई-स्पोर्ट्सवरील पैजा इतर खेळांवरील पैजांप्रमाणेच परवान्याच्या कक्षेत येतात. भारतातील स्थिती याहून मुळातच निराळी आहे. महाराष्ट्रात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आहे. घोड्यांच्या शर्यतींना कौशल्याचा खेळ म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्यता दिली, तिचा आधार घेऊन ई-स्पोर्ट्सवरील पैजेचेही समर्थन केले जात असे. तो युक्तिवाद संसदेने २०२५ मध्ये निकाली काढला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्याने, खेळ कौशल्याचा की दैवाचा हा भेद बाजूला ठेवून, पैसे लावून खेळवले जाणारे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले. असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्यांनाही कायद्याने सोडलेले नाही.

त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली आहे. अट अशी की, त्यावर कोणीही, मग तो खेळाडू असो वा नसो, पैज लावता कामा नये. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक प्रकारात भारताला ‘हर्थस्टोन’मध्ये कांस्यपदक मिळाले होते आणि हांगझोऊ स्पर्धेत हे खेळ अधिकृत पदकप्रकार झाले. खेळ वाढावा आणि सट्टा वाढू नये, अशी ही दुहेरी भूमिका आहे.

परदेशी संकेतस्थळाच्या आडवाटेने पैसे लावणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार मुळातच निरर्थक असतो. जिंकलेली रक्कम संकेतस्थळाने अडवून ठेवली, तर तिच्या वसुलीसाठी दाद मागण्याची सोय नाही. भावातील सहा टक्के, निकालनिश्चितीचा धोका आणि स्वतःच्या अंदाजातील चूक या साऱ्यांवर मात करून मिळवलेला नफाही अशा रीतीने केवळ पडद्यावरचा आकडा राहू शकतो. कोणतेही सूत्र हा धोका मोजत नाही.

मग या गणिताचा उपयोग काय? ज्याला आपल्या क्रीडाज्ञानाची खात्री वाटते, त्याच्यासाठी एक पैही खर्च न करता करता येण्याजोगी परीक्षा उपलब्ध आहे. आवडत्या स्पर्धेतील पुढील दोनशे सामन्यांपूर्वी प्रत्येक संघाच्या विजयाची शक्यता टक्क्यांत लिहून ठेवावी, निकालानंतर ब्रायर गुणांक काढावा आणि तो ०.२५ च्या किती खाली उतरला ते पाहावे. मानांकनात वर असलेल्या संघाला प्रत्येक वेळी ६० टक्के देणाऱ्या मित्राशी त्याची तुलना करावी. बहुतेकांना हा फरक अगदीच नगण्य आढळेल. काहींना तो मित्रच पुढे गेलेला दिसेल. ज्यांच्या घरात एव्हाना वही नाही आणि हिशेबही नाही, फक्त उधारी आणि लपवाछपवी आहे, त्यांच्यासाठी ही परीक्षा नव्हे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे आणि त्यावर आपल्या भाषेत बोलता येते.